दात दिसतील असा फोटो

तोंडात एकही दात नसलेल्या बाईला कोणी "दात कशाला हवेत?" असं विचारेल, हे धाकटीच्या ध्यानीमनीही नव्हतं. टक्कल पडलेल्या माणसाला टोपी कशाला हवी, असं दुकानदार विचारतो का? पण ही डॉक्टरीण विचारत होती, आणि विचारून वर पेन उघडून थांबली होती.

"चावायला. आणखी कशाला?" शेजारच्या खुर्चीतून तिच्या नवऱ्याने, घड्याळजींनी, सांगून टाकलं.

"काका, दात काकूंना बसवायचेत," डॉक्टरीण म्हणाली.

घड्याळजी पाय हलवत बसले. धाकटीने उत्तर शोधलं. आत बरंच काही होतं, पण कागदावर लिहून घेण्यासारखं काही हाती लागेना. शेवटी तीही म्हणाली, "चावायला." डॉक्टरिणीने ते लिहिलं नाही. जागा कोरी ठेवून पुढच्या प्रश्नाला गेली.

धाकटी सहासष्ट वर्षांची होती, तरी घरात ती धाकटीच. थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण, घड्याळजींची पहिली बायको. तीन वर्षांचं पोर मागे ठेवून ती आठ दिवसांच्या तापात गेली, आणि वडिलांनी दोन महिन्यांच्या आत धाकटीला तिच्या जागी उभं केलं, बल्ब गेला की दुसरा लावतात तसं. पोर तिला आधीपासून मावशी म्हणायचं. ते मावशीच म्हणत राहिलं, आता त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस गेले तरी. धाकटीला मूलबाळ झालं नाही. त्या घरात तिला एकच नाव मिळालं, आणि तेही थोरलीच्या मापाने मोजून दिलेलं.

थोरलीचे फोटो भिंतीवर नव्हते. पोर बघून रडतं म्हणून ते तेव्हाच उतरवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, आणि घरातले पुढचे फोटोही त्याच डब्यात जात राहिले. पण भिंतीवर नसली म्हणून थोरली घरात नव्हती असं थोडंच? चहात होती, अंथरुणाच्या घडीत होती. थोरलीच्या हातचा चहा कसा लालबुंद असायचा. थोरली दार लावायची तर आवाज येत नसे. थोरली हसली की रस्त्यावरचं माणूस थांबायचं. चव्वेचाळीस वर्षं धाकटीने हे ऐकलं आणि कधी उलटून बोलली नाही. मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? ते चुकत नाही, थकत नाही, त्याचे दातसुद्धा पडत नाहीत.

या दवाखान्याची रीत वेगळी होती. कवळीसाठी आलेल्या माणसाच्या तोंडात पहिल्या दिवशी माप घ्यायचा लगदा घालायचाच नाही. आधी नुसती चौकशी आणि तपासणी. मग काय जमेल आणि काय जमणार नाही ते तोंडावर सांगायचं. त्यावरही माणूस कायम राहिला, तरच पुढच्या खेपांना माप. बाहेर बाकावर बसलेला एक म्हातारा याच्यावर फार चिडला होता. दात बसवताहेत की नोकरीला ठेवताहेत, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याचा आवाज कवळी सैल असल्यामुळे शिट्टीसारखा येत होता, त्यामुळे कोणी त्याची बाजू घेतली नाही.

आत डॉक्टरिणीने साखर विचारली, रक्तदाब विचारला, कुठल्या गोळ्या घेता विचारलं, तोंड कोरडं पडतं का विचारलं. मग हातमोजा चढवून बोट हिरडीवरून फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा तसं. गाल ओढून बघितला, जीभ वर, जीभ बाजूला, गिळा, पुन्हा गिळा. इतकं लक्ष देऊन धाकटीच्या तोंडात कोणी कधी बघितलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग जुनी कवळी बघायला मागितली. सात वर्षांपूर्वी बाजारातल्या एका माणसाने पाऊण तासात करून दिलेली वरची कवळी धाकटीने रुमालातून काढली. डॉक्टरिणीने ती दिव्याखाली फिरवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आतल्या बाजूला बारीक, एकसारख्या रेघा होत्या. हे कोणी घासलं, म्हणून तिने विचारलं.

घड्याळजी खुर्चीत ताठ झाले. त्यांनीच घासलं होतं. टोचतंय म्हणाली की कानशीने घासायचं, मनगटी घड्याळाच्या मागच्या झाकणाची धार मारायची कानस होती, अगदी नाजूक काम. केसाचा फरक पडत नाही आपल्या हातून, ते म्हणाले. जिथे टोचलं तिथे काढलं. वर्षभर काढत गेले. काढता काढता कवळी इतकी सैल झाली की धाकटी शिंकली तर ती ताटात पडायची. त्यावर ते म्हणायचे, थोरलीला शेवटपर्यंत स्वतःचे दात होते. आता चोविसाव्या वर्षी गेलेल्या बाईला स्वतःचे दात नसतील तर काय? पण हे धाकटीने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही ती छताकडे बघत राहिली.

डॉक्टरिणीने आडपडदा ठेवला नाही. वरची कवळी चांगली बसेल, पण खालची हिरडी झिजून सपाट झालीय, तिथे कवळीला धरायला काही उरलेलं नाही. खालची हलणार, तिला जिभेने सांभाळायला शिकावं लागेल, आणि सफरचंदाचा लचका तोडता येईल अशी आशा धरू नका. कोणी नकार असा नीट समजावून सांगतो, याचं धाकटीला नवल वाटलं.

"पुढच्या खेपेला एक फोटो आणा," डॉक्टरीण म्हणाली. "जुना चालेल. फक्त दात दिसतील असा हवा. दात केवढे होते, कसे होते, ओठाखाली किती दिसायचे, ते बघायचंय. नाहीतर मी बसवेन ते दुकानातले दात. तुमचे नव्हेत."

धाकटीने मान हलवली. असा फोटो नव्हता हे तिला तिथेच, त्या खुर्चीत, ठाऊक होतं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा घड्याळजी तिला पोरासकट फोटोवाल्याकडे घेऊन गेले होते. धाकटीच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. फोटोवाला हसा म्हणाला, ती हसली, आणि घड्याळजी शेजारून हळूच म्हणाले, "तोंड मीट. ती फट कशाला दाखवतेस? थोरलीची गोष्ट वेगळी होती." एवढंच. रागावून नव्हे, कॉलर नीट कर म्हणावं तसं. तिने तोंड मिटलं. त्यानंतर जिथे जिथे कॅमेरा निघाला तिथे तिने ओठ घट्ट धरले, आणि हळूहळू कॅमेरा नसतानाही हाताचा पंजा आपोआप तोंडावर जायला लागला. पोराच्या लग्नातल्या फोटोत ती अशी दिसत होती, जणू कोणीतरी तिला दातदुखीसकट मांडवात आणून बसवलंय.

म्हणून चौथ्या दिवशी घड्याळजी आतल्या खोलीतून येऊन "फोटो मिळाला गं" म्हणाले, तेव्हा तिच्या हातातली बशी हातातच राहिली.

कुठे मिळाला म्हणून विचारलं तर म्हणाले, होता डब्यात. चांगला ठसठशीत आहे, दात अन् दात दिसतोय. आणि त्यांनी तो खाकी पाकिटात घालून, कडेला डिंक लावून, वर तारीख टाकून ठेवलासुद्धा. घड्याळजींचं सगळं तसंच. गिऱ्हाइकाचं घड्याळही ते पाकिटात घालून चिकटवून ठेवत.

पाकीट आठवडाभर कपाटावर पडून होतं. उघडणं काही अवघड नव्हतं, केटलीची वाफ दिली असती तर डिंकाने बिनबोभाट तोंड उघडलं असतं. पण धाकटीने हात लावला नाही. चव्वेचाळीस वर्षांत कधीतरी, आपलं लक्ष नसताना, आपण हसत असताना, या माणसाने आपला फोटो काढून घेतला होता की काय? दुकानात एक कॅमेरावाला गिऱ्हाईक यायचा खरा. एकदा ती डबा घेऊन गेली होती तेव्हा तो तिथे बसला होता, आणि पोराने काहीतरी आचरट बोलून तिला हसवलं होतं. तेव्हा काढला असेल. काढला, आणि ठेवला. बोलले नाहीत कधी, पण ठेवला. काही माणसांना बोलता येत नाही. तिने त्या दिवसाला रंग भरला, अंगावरचे कपडे आठवले, दुकानातली टिकटिक आठवली. त्या आठवड्यात तिने चहा जरा जास्तच उकळला. लालबुंद झाला. घड्याळजी तो प्यायले आणि काही म्हणाले नाहीत, तेही तिने आपल्या बाजूने धरलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरिणीने पाकीट कात्रीने कापलं, फोटो काढून दिव्याच्या कडेला टेकवला आणि धाकटीला सरळ समोर बघायला सांगितलं. मग छोट्या पट्टीने तिने फोटोतल्या डोळ्यांमधलं अंतर मोजलं, धाकटीच्या डोळ्यांमधलं मोजलं. नाक मोजलं. ओठ मोजला. पुन्हा फोटोतला ओठ मोजला. ती जरा वेळ फोटोकडे आणि धाकटीच्या कानाकडे आळीपाळीने बघत राहिली.

"काकू, फोटोत कानाची पाळी सुटी लोंबतेय, आणि तुमची गालाला चिकटलेली आहे," ती म्हणाली. "वय झालं की पाळ्या लोंबतात. लोंबलेल्या परत चिकटत नाहीत."

घड्याळजींना हसू आलं. "अहो डॉक्टर, चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय मी. माझी बायको मला ओळखता येत नाही होय?"

धाकटीने हात पुढे केला. डॉक्टरिणीने फोटो तिच्या हातात दिला.

स्वेटर तिने आधी ओळखला, माणूस नंतर. मोठ्या लाकडी गुंड्यांचा, छातीवर वेण्या विणलेला स्वेटर. थोरलीने स्वतः विणला होता. थोरली गेल्यावर तिच्या बाकी कपड्यांबरोबर तो धाकटीकडे आला, आणि तिने तो वीस हिवाळे घातला, कोपर फाटेपर्यंत. फोटोत त्या स्वेटरमध्ये थोरली होती. मान जराशी कलती, डोळे बारीक, आणि दात वरपासून खालपर्यंत सरळ, एका मापाचे. खळखळून हसत होती.

पहिल्यांदा धाकटीला वाटलं, हा टोमणा आहे. ती बसल्या बसल्या वळली आणि तिने नवऱ्याचं तोंड बघितलं. टोमणा मारताना त्यांच्या ओठाचा डावा कोपरा आत जायचा, ते तिला पाठ होतं. कोपरा आत गेला नव्हता. चेहरा अगदी स्वच्छ होता. घड्याळ दुरुस्त करून गिऱ्हाइकासमोर ठेवल्यावर असायचा तसा. त्यांना मनापासून वाटत होतं, ही तीच आहे.

"ही थोरली आहे," धाकटी म्हणाली.

त्यांनी फोटो घेतला. खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, लावलं, आणि फोटो नाकाशी धरला. "अगं, हा तुझा स्वेटर."

"स्वेटर तिचा. मी नंतर घातला."

भिंग बराच वेळ डोळ्यावर राहिलं. मग त्यांनी ते काढलं, पुसलं, खिशात टाकलं. "असेल," ते म्हणाले. "दोघी सारख्याच तर दिसायचात."

सारख्याच. धाकटीला ते लागलं, पण भलत्याच जागी. आपल्याला ओळखलं नाही, याची तिला कधीचीच सवय होती. पण यांनी तिलाही ओळखलं नव्हतं. जिच्या चहाचं, जिच्या चालण्याचं, जिच्या हसण्याचं कौतुक ऐकत आपण म्हातारे झालो, तिचं हसणं भिंग लावून नाकाशी धरलं तरी या माणसाला कळलं नाही. मग चव्वेचाळीस वर्षं आपण हरत होतो ते कोणासमोर? शर्यतीत दोघी बहिणी धावत राहिल्या, एक मेली तरी धावत राहिली, आणि निकाल सांगायला बसलेल्या माणसाने एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

तिने पदर नाही की रुमाल नाही, काही तोंडाशी नेलं नाही. डॉक्टरिणीकडे बघून म्हणाली, "माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती. तेवढी ठेवा."

"फट?" घड्याळजी म्हणाले. "कसली फट? डॉक्टर, हिला फटबिट काही नव्हती. चांगले होते दात. नव्या वस्तूत मुद्दाम खोट कोण ठेवतं?"

त्यांना तेही आठवत नव्हतं. त्यांनी एकदा म्हटलं, आणि विसरले. तिने आयुष्यभर पाळलं.

"अहो," धाकटी म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

घड्याळजींनी डॉक्टरिणीकडे बघितलं. डॉक्टरीण कागदात बघत होती. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, आणि ते बाहेर गेले. दार लागल्याचा आवाज झाला.

"सांगा," डॉक्टरीण म्हणाली. "केवढी होती फट? वर रुंद, खाली निमुळती? की सरळ? कुठला दात जरा पुढे होता?"

आणि धाकटीला सांगता येईना. तिने डोळे मिटले, जीभ वर नेली. तिथे सपाट, गुळगुळीत हिरडी होती. फट होती एवढं नक्की. कशी होती ते गेलेलं होतं. लपवायच्या नादात तिने स्वतःही कधी आरशात धड बघितलं नव्हतं. पुरावा म्हणून दाखवायला एक फोटो नाही, विचारायला एक माणूस नाही. अंदाजाने करा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

पण अंदाज नको, असं डॉक्टरीण म्हणाली. थोडं थांबू. लहानपणी कोणी चिडवायचं का, त्यात काही अडकायचं का, आठवून बघा.

अडकायची. कलिंगडाची बी अडकायची. मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बसायच्या, पाय सोडून, हनुवटीवरून रस गळत. थोरली एक एक काळी बी निवडायची, धाकटीची हनुवटी धरून तोंड वर करायची, आणि बी उभी धरून त्या फटीत बसवायची. चपटी बी असेल तर नेमकी बसायची. जाड असेल तर नाही. बसली की थोरली टाळी वाजवायची, आणि मग स्वतःच्या दातांत बसवायचा खटाटोप करायची, पण तिच्या दातांत दोरासुद्धा जात नसे. त्यावर ती खरोखर रुसायची. तुला देवाने भोक दिलं, मला नाही, असं म्हणून एकदा रडली होती.

धाकटीने हे सगळं सांगितलं नाही. तिने सांगितलं ते एवढंच, की चपट्या बीच्या जाडीइतकी, आणि वरपासून खालपर्यंत सारखी, कारण बी उभी बसायची. डॉक्टरिणीने लिहून घेतलं. खाली लाल पेनने, कवळी बनवणाऱ्यासाठी, ठळक अक्षरात लिहिलं: फट मुद्दाम आहे, बुजवू नये.

डॉक्टरिणीच्या आधी तिच्या तोंडात नीट बघितलेलं माणूस जगात एकच होतं, थोरली. आणि त्या माणसाचा तिने चव्वेचाळीस वर्षं, रोज चहाच्या वेळी, मनातल्या मनात द्वेष केला होता. डॉक्टरीण पुढच्या तारखेचं काहीतरी सांगत होती. धाकटीने ते पुन्हा सांगायला लावलं.

परत जाताना घड्याळजी दोन पावलं पुढे चालत होते. आधी सांगायचंस ना, ते म्हणाले, दुसरा फोटो दिला असता. दुसरा नाहीच, असं ती म्हणाली. असं कसं नाही, त्यांना ते पटेना. एवढ्या वर्षांत एक फोटो नाही? शोधला की सापडेल. शोधणाऱ्याला नजर हवी.

जेवण झाल्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा कामाच्या टेबलावर घेतला, दिवा खाली ओढला, भिंग लावलं. चिकाटीचा माणूस. धाकटी पलीकडे पाव दुधात बुडवून मऊ होण्याची वाट बघत बसली होती. दात दिसणारा फोटो मिळाला की ते तो दोन बोटांत धरून वर करत.

"ही तू?"

"नाही."

"ही?"

"नाही."

"ही तरी?"

तिन्ही थोरलीचे होते. एकात ती पायरीवर बसली होती. धाकटीने तो मागून घेतला आणि आपल्याजवळ ठेवला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, त्यांचं लक्ष पुढच्या फोटोत होतं. मिटलेल्या तोंडाचे फोटो या कामाला निरुपयोगी होते, म्हणून ते तिला न दाखवताच डब्याच्या झाकणात टाकत होते. पोराच्या शाळेतला. फोटोवाल्याकडचा. लग्नातले पाच-सहा. प्रत्येकात कडेला उभी, ओठ घट्ट धरलेली एक बाई होती. झाकण भरत आलं तेव्हा त्यांनी ते कोपराने बाजूला सारलं, जागा केली, आणि पुढचा फोटो वर धरला.